छोट्या फ्रेमला छोटं कॅरिअर: डिस्क ब्रेक आहे, वरची भोकं नाहीत, कुठलं घेऊ?

खारेगावची_सायकल | १४ मे

नमस्कार मंडळी,

गेल्या नोव्हेंबरपासून आठवड्यातले तीन-चार दिवस मी खारेगावहून ऐरोलीला ऑफिसला सायकलने जाते. कळवा नाका, विटावा, दिघा, मग ऐरोली. एका बाजूचं अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. थंडीत पाठीवरच्या सॅकचं काही वाटलं नाही. आता मे महिन्यात ऑफिसच्या दारात पोचते तेव्हा शर्टची अख्खी पाठ ओली असते, आणि गेले पंधरा दिवस उजवा खांदा रात्री ठणकतो. सॅक वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितली: लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचा जोड मिळून सहा किलोला थोडी कमी.

हे वजन पाठीवरून सायकलवर उतरवायचं आहे. मोठ्या प्रवासाला जायचं नाही, त्यामुळे भलंमोठं कॅरिअर नको. एक छोटं, नीट बसणारं हवं.

सायकल हायब्रिड, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, सगळ्यात लहान साइझ, ७०० सी चाकं, दोन्हीकडे वायरवाले डिस्क ब्रेक. मागच्या अ‍ॅक्सलजवळ दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे, आट्यांचं. वर, सीटखालच्या दोन नळ्यांना मात्र भोकं नाहीत. डाव्या भोकाच्या अगदी वर ब्रेकचं कॅलिपर (डिस्कला दाबणारा भाग) बाहेर आलेलं आहे.

दुकानात दोन पर्याय दाखवले. एक सीटपोस्टला, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तिला, आवळायचं, खाली पाय नसलेलं. दुसरं चार ठिकाणी बसणारं. दुकानदार म्हणाला, तुमच्या सायकलला पहिलंच बसेल. ते खरं आहे का?

---

पामबीच_पहाटे | १४ मे

माझ्याकडे सीटपोस्टवालं आहे, दोन वर्षं झाली. एक खटका उघडला की निघतं, पुन्हा लावायला अर्धं मिनिट. रविवारी वाशी ते बेलापूर फेरी मारताना त्यावर छोटी बॅग असते: ट्यूब, पंप, रेनकोट, केळी. कधीच त्रास नाही. ज्याला सायकल एरवी हलकी ठेवायची आहे त्याच्यासाठी उत्तम. तुमच्या फ्रेमला वरची भोकं नाहीत म्हणजे हाच मार्ग.

---

जुना_फिटर_वागळे | १५ मे

ताई, विकत घ्यायची घाई करू नका. आधी एकच गोष्ट बघा: वजन जातं कुठे? कॅरिअरची सगळी निवड त्यावर ठरते.

आपल्याकडची काळी सायकल आठवा. दूधवाले तिच्यावर भरलेले कॅन लावून पहाटे चार वाजता निघायचे. त्या कॅरिअरचे पाय कुठे बसायचे? थेट मागच्या अ‍ॅक्सलवर, नटाखाली. वर फक्त एक क्लॅम्प, सीटखालच्या नळ्यांना धरलेला. म्हणजे वजन पायांतून सरळ खाली अ‍ॅक्सलवर, तिथून चाकात, चाकातून रस्त्यावर. वरच्या क्लॅम्पचं काम एवढंच, की कॅरिअर मागे-पुढे डुलू नये. आणि मागचं चाकही त्या बेताने बांधलेलं: पुढे ३२ स्पोक, मागे ४०. ज्यांनी ती सायकल आखली त्यांना मागे माणूस बसणार, पोतं बसणार हे पक्कं ठाऊक होतं.

आता सीटपोस्टवालं कॅरिअर बघा. त्याला पाय नाहीत. गॅलरी जशी भिंतीतून बाहेर काढलेली असते तसं ते पोस्टमधून मागे निघतं. सगळा भार एका पकडीवर. तुमची सहा किलोची सामग्री, वर बॅग आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन धरून सात किलो म्हणू. ते पोस्टपासून सरासरी पाव मीटर मागे असेल, तर पकडीवर पिळाचा जोर सुमारे १७ न्यूटन-मीटर, आणि तोही सायकल उभी असताना. ठाणे-बेलापूर रस्त्यावर खड्ड्यात चाक गेलं किंवा स्पीडब्रेकर जोरात घेतला की हाच जोर दुपटी-तिपटीवर जातो, दिवसातून शंभर वेळा. मग होतं काय? पकड हळूहळू सैल होते आणि कॅरिअर शेपटीसारखं डावी-उजवीकडे फिरायला लागतं. पामबीच_पहाटे यांचा अनुभव खराच आहे, कारण त्यांच्याकडे दोन किलो आहेत आणि रस्ता गुळगुळीत आहे. या कॅरिअरवर बहुतेक वेळा नऊ-दहा किलोची मर्यादा छापलेली असते, पण मर्यादेच्या दोन-तृतीयांश वजन रोज, तेही अशा रस्त्यावर, मी स्वतः ठेवणार नाही.

शिवाय तुमची फ्रेम लहान. लहान फ्रेमवर सीटपोस्ट किती बाहेर असतो ते मोजा. पकडीला जागा हवी, बॅगेच्या उंचीला जागा हवी, आणि खाली टायरपासून अंतर हवं. बऱ्याचदा तिथेच ते बाद होतं.

तुमच्याकडे खाली अ‍ॅक्सलजवळ भोकं आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. खालची भोकं नसती तर मी वेगळं बोललो असतो. वरच्या भोकांची सोय करता येते, खालच्यांची सहज येत नाही. पायवालंच घ्या.

सीटपोस्ट किती बाहेर आहे, आणि सीटखाली जी रिंग पोस्टला आवळते तिच्यावर काय आकडा आहे, तो कळवा.

---

खारेगावची_सायकल | १५ मे

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. गॅलरीच्या उदाहरणाने लगेच डोक्यात शिरलं.

मोजलं. रिंगेपासून सीटच्या खालच्या दांड्यांपर्यंत पोस्ट फक्त ११ सेंटिमीटर बाहेर आहे. रिंग काढून बघितली, आतल्या बाजूला ३१.८ कोरलेलं आहे.

वरची सोय म्हणजे नक्की काय करायचं? आणि ब्रेकचं काय?

---

जुना_फिटर_वागळे | १५ मे

तुमच्या रिंगेच्या जागी तशीच दुसरी रिंग मिळते, जिला मागच्या बाजूला कॅरिअरसाठी दोन कान असतात, एम-५ म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या आट्यांचे. साइझ सहसा तीन: २८.६, ३१.८, ३४.९ मिलिमीटर. तुम्हाला ३१.८ हवी. ऑनलाइन सहज मिळते. कॅरिअरच्या वरच्या दोन पट्ट्या तिथे येतील. लहान फ्रेमला हे जास्तच बरं, कारण पट्ट्या आखूड राहतात.

दुसरा मार्ग पी-क्लिपचा: रबर लावलेली पट्टी नळीभोवती गुंडाळायची आणि तिच्यात बोल्ट. स्वस्त आहे, चालते, पण नळीच्या जाडीला अगदी नेमकी हवी, आणि वर्षभराने रबर दबलं की पुन्हा आवळावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी नळीवर ठीक. कार्बनच्या नळीवर कधीही नाही, कार्बन बाहेरून आवळलेला सोसत नाही. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर सीटपोस्टवालं कॅरिअरही त्याच कारणाने नको. हे धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो आहे.

कॅरिअर घेताना त्यावर किती किलो लिहिलंय ते बघा. साधारण २५ किलो लिहिलेलं असतं. आयएसओ ११२४३ हे कॅरिअरच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे; तो आकडा कोरलेला दिसला तर विश्वास ठेवायला आधार मिळतो. तुम्ही सहा किलो ठेवणार, म्हणून २५ चं कॅरिअर घेणं ही उधळपट्टी नाही. अ‍ॅल्युमिनियम एका झटक्यात तुटत नाही, रोजच्या हादऱ्यांनी दमत जातं आणि मग एक दिवस वेल्डजवळ चीर पडते. भार मर्यादेपेक्षा जेवढा कमी, तेवढा तो दिवस लांब.

लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचं, हा प्रश्न येईलच. लोखंडी वजनाला जास्त, पण चीर गेली तर कुठल्याही नाक्यावरचा वेल्डर जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. पण लोखंडाचा रंग निघाला की खाडीची हवा आणि पाऊस त्याला दोन मोसमांत खातात. तुमच्या वापराला मी अ‍ॅल्युमिनियम म्हणेन.

---

सीवूड्स_सॅडल | १६ मे

डिस्कबद्दल मी सांगते, कारण ही चूक मी केलेली आहे.

माझ्या सायकललाही कॅलिपर बाहेर होतं. साधं कॅरिअर घेतलं आणि डाव्या पायाला जागा करायला फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची नळी घालून लांब बोल्ट लावला. दिसायला छान बसलं. दीड महिन्याने संध्याकाळी रबाळ्याजवळ 'टक्' आवाज आला आणि कॅरिअर डावीकडे कलंडून बॅग चाकाला घासायला लागली. बोल्ट फ्रेमच्या तोंडाशीच तुटला होता. अर्धा तुकडा भोकात अडकलेला. रिक्षात सायकल घालून घरी आले.

नंतर समजलं की बोल्टचं काम दोन भाग एकमेकांवर दाबून ठेवण्याचं आहे. त्याला लांब दांडी करून टोकाला वजन लटकवलं की तो रोज थोडाथोडा वाकतो. दहा-बारा मिलिमीटरपर्यंतचा बुश, म्हणजे तशी मधली नळी, समजू शकते. त्यापुढे नाही.

डिस्कसाठी वेगळी कॅरिअर येतात. काहींचे पाय खाली बाहेरच्या बाजूला वळवलेले असतात, काहींचे पाय कॅलिपरच्या मागून उतरतात. तसंच घ्या. आणि दुकानातच सायकल नेऊन लावून बघा. बघताना ब्रेक दाबून बघा. वायरवाल्या डिस्कला कॅलिपरवर एक छोटा हात असतो, ब्रेक दाबला की तो हलतो. नुसतं उभ्या सायकलला जागा दिसते, पण दाबल्यावर तो हात कॅरिअरच्या पायावर टेकला तर ब्रेक पूर्ण लागणारच नाही. पॅड झिजले की तो हात आणखी पुढे जातो, त्यामुळे चांगली बोटभर जागा हवी.

---

पामबीच_पहाटे | १६ मे

जुना_फिटर यांचा हिशेब वाचून मी माझी पकड उघडून बघितली. आतली रबरी पट्टी एका बाजूला चेपलेली आहे, पोस्टवर ओरखडेही आहेत. दोन किलोतच हे. तरीही माझ्यापुरतं मला तेच बरं वाटतं, कारण आठवड्यातले सहा दिवस मला कॅरिअर नकोच असतं. पण रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मी ते सुचवायला नको होतं. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

---

घोडबंदर_घाई | १८ मे

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. असंच छोटं कॅरिअर लावून त्यावर तिची सीट बसवता येईल का? २५ किलो चालतं म्हणता, तिचं वजन १४ आहे.

---

जुना_फिटर_वागळे | १८ मे

नको. कॅरिअरवर आणि त्याच्या कागदावर 'लहान मुलांच्या सीटसाठी चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. सामान हलत नाही, मूल हलतं, उठायला बघतं, एका बाजूला झुकून झोपतं. शिवाय सीटचे हूक त्या कॅरिअरच्या दांड्यांच्या जाडीला नेमके बसले पाहिजेत. मुलांसाठी थेट फ्रेमच्या नळीला बसणाऱ्या सीट येतात, त्या बघा. आणि पाय चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा असलेलीच घ्या.

---

खारेगावची_सायकल | ३ जून

लावलं! थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

डिस्कसाठीचं अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर मिळालं, २५ किलोचं. वरची जाळी अरुंद आहे, माझ्या तळहाताएवढी रुंद, पण बाजूला बॅग लटकवायला दोन्हीकडे दांडी आहे. सायकल सोबत नेली होती, ब्रेक दाबून बघितला, मोकळा आहे. कानवाली रिंग वेगळी मागवली.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भावाला घेऊन बसले. पहिलाच बोल्ट दोन आटे जाऊन अडला. जोर लावायच्या आधी सुचलं की टॉर्च मारून बघावं. भोकात फ्रेमचा रंग गेलेला होता, आटे अर्धे रंगाने भरलेले. कळव्यात ओळखीचे एक गॅरेजवाले आहेत, त्यांच्याकडे जाऊन एम-५ चा टॅप, म्हणजे आटे साफ करणारं हत्यार, फिरवून घेतला. पाच मिनिटांचं काम. जोर लावला असता तर आटे गेले असते.

मग चारही बोल्ट हाताने फक्त अडकवले, एकही आवळला नाही. कॅरिअर थोडं हलतं ठेवून पाणसळ जाळीवर ठेवली (वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या गवंड्याकडून मागून आणली). पुढची टोकं थोडी वर येत होती. पट्ट्या वाकवाव्या लागणार होत्या. भाऊ त्या सायकलवर लावलेल्या अवस्थेतच पक्कडीने वाकवायला निघाला होता, मी थांबवलं. काढून त्याच गॅरेजच्या व्हाइसमध्ये धरून एकदाच वाकवल्या. पुन्हा लावून पाणसळ बघितली, मग आधी खालचे दोन, नंतर वरचे दोन बोल्ट आवळले.

कॅरिअरचे पाय फ्रेमपेक्षा किंचित रुंद होते, उजव्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरची फट. आवळून ओढून घेता आली असती, पण तिथे वॉशर घातला, म्हणजे पायावर उगाच ताण नको.

पाठ मोकळी ठेवून सोमवारी निघाले. विटाव्याच्या रेल्वे पुलापर्यंत सारखा हात खांद्याकडे जात होता, सॅक घरी राहिली की काय म्हणून. ऑफिसला पोचले तेव्हा शर्ट कोरडा नव्हता, जून आहे, पण पाठीवर तो चिकट चौकोन नव्हता.

एक अडचण: सगळ्यात लहान चक्रावर चेन आली की मागून बारीक 'टिक टिक टिक' येतं. बाकी कुठल्याच गिअरला नाही.

---

जुना_फिटर_वागळे | ३ जून

आज सायकल चालवू नका. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट आतून बाहेर आला असणार आणि चेन त्याला लागत असणार. मागून डोळा लावून बघा. कॅरिअरबरोबर आलेला बोल्ट १६ मिलिमीटरचा असेल, तुमच्या फ्रेमचा कान, म्हणजे भोक असलेला भाग, पातळ असेल. चेन तिथे अडकली तर मागचं चाक जागीच बंद होतं.

बोल्टची लांबी अशी काढा: वॉशर, अधिक कॅरिअरच्या पायाची जाडी, अधिक फ्रेमच्या कानाची जाडी. बोल्ट कानाच्या आतल्या तोंडाशी बरोबर संपला पाहिजे. एक आटाही बाहेर नको, पण आतही कमी नको. अ‍ॅल्युमिनियममध्ये पूर्ण जाडीचे आटे धरलेले असणं महत्त्वाचं.

---

खारेगावची_सायकल | ४ जून

अगदी तेच होतं. बोल्ट आतून तीन आटे बाहेर, आणि टोकावर चेनने घासून चकाकी आणलेली. १२ मिलिमीटरचा लावला, आता सपाट बसला. आवाज बंद. काका, तुम्ही काल लिहिलं नसतं तर मी तो तसाच आठवडाभर चालवला असता.

---

सीवूड्स_सॅडल | ४ जून

छान झालं. आता दोन गोष्टी राहिल्या.

बोल्टना निळं लॉकटाइट, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, लावलंत का? ते मध्यम पकडीचं असतं, हादऱ्यांनी सुटू देत नाही आणि साध्या अ‍ॅलन कीने उघडतं. लाल नको, ते उघडायला तापवावं लागतं. आणि लावलंत किंवा नाही, तरी पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चारही पुन्हा तपासा. नवीन लावलेलं सगळं थोडं बसतं. मी अजूनही एम-५ चे दोन जास्तीचे बोल्ट आणि ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की सीटखालच्या पाकिटात ठेवते.

दुसरं, मागचा लाल दिवा. सीटपोस्टवर असेल तर बॅगेने झाकला गेला असेल. पुष्कळ कॅरिअरना मागच्या टोकाला पत्रा असतो आणि त्यात ५० किंवा ८० मिलिमीटर अंतरावर दोन भोकं. ती दिव्यासाठीच असतात. संध्याकाळी दिघ्याच्या पुढे ट्रक किती असतात ते तुम्हाला सांगायला नको.

---

खारघर_चढ | ६ जून

पावसाच्या तोंडावर थोडं माझंही.

हूकवाली लवचीक दोरी वापरणार असाल तर लोंबणारं टोक ठेवू नका. माझ्या मित्राच्या सायकलला हूक सुटून स्पोकमध्ये गेला, उतारावर. हनुवटीला सहा टाके. मी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून वापरतो. ओली झाली तरी घट्ट धरते, आणि टोक जाळीखाली खोचलं की संपलं.

बॅगेचे हूक दांडीवर किती सैल बसतात तेही बघा. दांड्या बहुतेक ८ किंवा १० मिलिमीटर जाडीच्या असतात आणि हूक त्याहून मोठे. चांगल्या बॅगेबरोबर फट भरणारे प्लास्टिकचे तुकडे येतात, ते फेकू नका. नसतील तर दांडीवर ट्यूबचा तुकडा चढवा. नाहीतर दर खड्ड्याला खडखड, आणि कॅरिअरचा रंग निघून जातो.

स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कोरडे लावले आणि दोन पावसाळे तसेच राहिले, तर ते तिथे चिकटून बसतात. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, इथे ते लवकर होतं. लॉकटाइट नसेल तिथे ग्रीस लावाच. ते काळे, जास्त ताकदीचे बोल्ट दुकानदार आग्रहाने देतात, पण पहिल्याच पावसात गंजतात. स्टेनलेस घ्या.

---

घोडबंदर_घाई | ६ जून

आटे गेलेच तर काय करायचं? माझ्या जुन्या सायकलचं डावं भोक नुसतं फिरतंय.

---

जुना_फिटर_वागळे | ७ जून

डावीकडे असेल तर सोपं. भोक आरपार आहे ना? मग लांब बोल्ट घालून आतून नायलॉक नट (नायलॉनची रिंग असलेला, सहज न सुटणारा) लावा. डिस्क असेल तर नट रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, लागत नाही ना ते चाक फिरवून बघा. उजवीकडे आतून नटाला जागा नसते, चेन येते. तिथे हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे तारेचे नवे आटे त्याच एम-५ मापाचे. मशीन शॉपमध्ये करून मिळतं. भोक वाढवून एम-६ चा टॅप मारायचा सल्ला कोणी देईल, पण कान पातळ असेल तर त्याच्या कडेला धातूच उरत नाही.

आणि अर्धा बोल्ट आत तुटलेला असेल, सीवूड्स_सॅडल यांच्यासारखा, तर लगेच ड्रिल घेऊ नका. भोक आरपार असलं तर आतल्या बाजूने टोक दिसतं. ते पकडीत येत असेल तर पुढे त्याच दिशेने फिरवत आतून बाहेर काढता येतं. आधी तासभर तेल मुरू द्या.

---

खारेगावची_सायकल | १९ जुलै

दीड महिना झाला, पावसाळाही मध्यावर आला, म्हणून कळवते.

साधारण चारशे किलोमीटर झाले. पहिल्या आठवड्यात तपासले तेव्हा वरचा डावा बोल्ट पाव फेरा सैल मिळाला. तो आवळला, त्यानंतर एकही हललेला नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चेनला तेल घालते तेव्हा चारही बघते. दिवा मागच्या पत्र्यावर नेला, ५० ची भोकं बरोबर जुळली.

मागचं चाक एकदा आऊट (वाकडं) झालं होतं, ते सरळ करून घेतलं. मिस्त्री म्हणाले, वजन आता कायम मागे आहे, मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा आणि खड्ड्यात सीटवरून उठा. पाठीवर सॅक असायची तेव्हा खड्डा आला की मी आपोआप उठायचे आणि सॅक माझ्याबरोबर उठायची. आता मी उठले तरी सामान चाकावरच असतं. म्हणून मुळात खड्डाच चुकवावा लागतो, वेग कमी करावा लागतो. हा फरक मला कोणी आधी सांगितला नव्हता, म्हणून लिहिते.

जाळी अरुंद असल्यामुळे चिखलाचा फवारा थेट पाठीवर येत होता. मडगार्ड लावलं. त्यालाही तेच खालचं भोक. आधी कॅरिअरचा पाय फ्रेमला टेकून, त्यावर मडगार्डची तार, मग बोल्टचं डोकं, म्हणजे जड भाग फ्रेमच्या जवळ. त्यासाठी बोल्ट तेवढाच लांब घ्यावा लागला, पुन्हा मोजून. विटाव्याला पुलाखाली पाणी भरलं होतं त्या दोन दिवशी मात्र ट्रेननेच गेले.

खांदा आता ठणकत नाही.

---

पामबीच_पहाटे | १९ जुलै

वाचून बरं वाटलं. एकच बॅग लावता की दोन? एकच असेल तर कुठल्या बाजूला? मीही आता पायवालं घ्यायचं म्हणतो आहे.

---

खारेगावची_सायकल | २० जुलै

एकच, आणि डाव्या बाजूला. उजवीकडून गाड्या जातात, तिकडे हँडलच्या बाहेर काही आलेलं मला नको असतं. उजवीकडची चेनही मोकळी राहते, बॅगेला तेल लागत नाही. पहिले दोन दिवस सायकल डावीकडे ओढल्यासारखी वाटली, मग हाताला सवय झाली. लॅपटॉप चाकाच्या बाजूला, म्हणजे आत, आणि डबा तळाला ठेवते; जड वस्तू जेवढी खाली आणि पुढे, तेवढं कमी डुलतं.

फक्त स्टँडही डावीकडेच आहे. बॅगेसकट स्टँडवर लावली तर सायकल त्याच बाजूला पडते, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा पडली. त्यामुळे बॅग आधी काढते, मग स्टँड लावते. निघताना उलट.